आधी रिकामं करायचं

मी लहानपणी फार उद्धट होते असं आमच्या गावात अजूनही सांगतात. सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, पण जी आहेत ती लग्नकार्यात भेटली की माझ्या सुनेला बाजूला घेतात आणि म्हणतात, "तुझ्या सासूनं डाक्तरला दारात आडवला हुता, ठावं हाय का तुला?" सून माझ्याकडे बघून हसते. मी नाकारत नाही. अडवला होता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा अडवीन. आता गुडघे दुखतात, म्हणून दारात खुर्ची टाकून बसून अडवीन, एवढाच काय तो फरक. मात्र त्या गोष्टीची सुरुवात दारातल्या त्या सकाळी झाली नव्हती. ती आमच्या गोठ्यात झाली होती, आणि हे गावात कुणी सांगत नाही, कारण माणसाच्या गोष्टीत म्हैस आलेली लोकांना आवडत नाही.

आमचं गाव शेवगावपासून दोन कोसांवर. घर धाब्याचं, तीन खणांचं, पुढे ओटा, ओट्याला लागून गोठा, आणि अंगणाच्या कडेला एक कडुनिंब. घरात आण्णा म्हणजे माझे वडील, आई, आत्या आणि मी. थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणायची, लग्न होऊन पाथर्डीकडे गेलेली. आत्या आण्णांची मोठी बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती घराची कारभारीण होऊनच. आण्णा शेतात काय पेरायचं ते ठरवत, बाकी सगळं आत्या ठरवी. गावातली निम्मी बाळंतपणं तिच्या हातांखालून गेलेली. तिचे हात मोठे, खरबरीत, आणि बाळाला न्हाऊ घालताना इतके मऊ होत की रडणारं पोर गरम पाण्याखाली गप्प होऊन तिच्याकडे टकमका बघत बसे. त्या हातांचं मला फार कौतुक होतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी तिच्याविषयी जे लिहिणार आहे त्यावरून ती वाईट बाई होती असं कुणाला वाटायला नको. ती चांगली बाई होती, आणि तिचं चुकत होतं. या दोन गोष्टी एकाच बाईत सुखानं नांदतात हे मला फार उशिरा कळलं.

अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी दहावीत होते आणि रोज शेवगावच्या शाळेत चालत जायची. दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. विहिरीला अजून पाणी होतं, गोठ्यात कडबा होता, आणि आमची भुरी म्हैस दोन वेळचं भरपूर दूध देत होती. अक्काला मुलगा झाला. मधल्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली शेक द्यायला शेणीच्या निखाऱ्यांचं घमेलं. सगळ्या घराला ओव्याचा, बाळंतशेपांचा आणि तुपात तळलेल्या डिंकाचा वास. पहाटे आई जात्यावर बसे, तिच्या ओव्या बाळाच्या रडण्यात मिसळून जात, आणि दिवस उजाडला की गावातल्या गिरणीच्या इंजिनाचा ठेका सुरू होई. अक्कासाठी अळिवाची खीर शिजे, त्यातली खरवड मला मिळे. शाळेतून आल्यावर हातपाय धुवून मी आधी बाळाचा वास घ्यायची आणि मग भाकरी खायची. घरात इतका आनंद मी त्याआधी पाहिला नव्हता.

त्याच दिवसांत भुरीला दगडी झाली. म्हणजे तिच्या कासेचा एक कोपरा सुजून दगडासारखा घट्ट झाला, आणि त्या सडातून दुधाऐवजी पिवळट गुठळ्या यायला लागल्या. आण्णांनी शेवगावहून औषधाची नळी आणली होती, ती सडात सोडली. दोन दिवस सोडली, काही फरक नाही. मग सरकारी दवाखान्यातले गुरांचे डॉक्टर सायकलवरून आले. त्यांना सगळे ढोरडाक्तर म्हणत आणि ते त्या हाकेला ओ देत. त्यांनी भुरीच्या कासेला हात लावला, आणि आण्णांना विचारलं, "नळी सोडण्याआधी सड पिळून रिकामा केला होता का?"

"न्हाई," आण्णा म्हणाले. "दुखतंय तिला. लाथ मारती. म्हनून तसंच सोडलं औषद."

"मग गेलं ते वाया."

भुरी घरात फक्त मला हात लावू द्यायची. म्हणून डॉक्टरांनी मलाच खाली बसवलं आणि पिळायला लावलं. गुठळ्या, पाणी, मग रक्ताळलेलं काहीतरी, पुन्हा गुठळ्या. माझी बोटं भरून आली. मी विचारलं, आता औषध घातलंच आहे तर हे सगळं कशाला काढायचं, औषधानं मरेल की. ते उकिडवे बसले, विडी पेटवली आणि म्हणाले, "हे बघ पोरी, यात जंतू आहेत. थोडे असतात तोवर औषध त्यांना पुरून उरतं. इथं तर उरूस भरलाय. उरसात एक शिपाई सोडला तर तो कुणाला धरणार? आधी गर्दी पांगवायची. आधी रिकामं करायचं, मग औषध. दर दोन-तीन तासांनी पिळायचं, आणि शेवटचा थेंब निघाला की नळी." मी शाळेला चार दिवस दांडी मारली आणि तसंच केलं. औषध तेच, नळी तीच. चौथ्या दिवशी कास मऊ झाली. भुरीनं मला एकच लाथ मारली, तिचा वळ महिनाभर होता.

भुरी बरी होऊन आठवडा झाला नसेल तोच अक्काला हुडहुडी भरून ताप आला. बाळ उजव्या अंगाला प्यायला तयार नव्हतं, कारण तिथलं स्तनाग्र चिरलं होतं आणि बाळानं तोंड लावलं की अक्का ओरडायची, मग बाळही ओरडायचं. दूध तिथंच दाटलं. दोन दिवसांत ती बाजू लाल, गरम, घट्ट. स्तन हा शब्द आमच्या घरात नव्हता. 'अंगावर दाटलंय' म्हणायचे, तेही खालच्या आवाजात, आण्णा ओट्यावर नसताना. मी आज तो शब्द सरळ लिहिते आहे. न उच्चारलेल्या शब्दापायी माझी बहीण जात होती.

दाटलेलं दूध पिळून काढावं हे आत्यालाही कळत होतं, पण तिची अट होती. पिळलेलं दूध जमिनीवर सांडायचं नाही. त्याला मुंगी लागली तर बाळंतिणीचं दूध आटतं, अशी तिची खात्री. आमच्याकडं सगळ्याच बायकांची होती. शेणामातीच्या घरात मुंगी लागणार नाही अशी जागा कुठून आणायची? ती भुईत होती, भिंतीत होती, गुळाच्या डब्याच्या झाकणावर होती. वाहत्या पाण्यात सोडावं तर नदी लांब आणि तिला पाणी नाही. तेव्हा सगळ्यात सुरक्षित जागा एकच उरली, दूध अक्काच्या अंगातच राहू देणं. आत्यानं वर जवसाच्या पिठाची गरम पोटिसं बांधली आणि म्हणाली, "पिकंल आन फुटंल आपसूक. बाईच्या अंगाला लोखंड लावायचं नसतं."

ताप उतरेना म्हणून आण्णांनी कंपौंडरला बोलावलं. हा माणूस कधीकाळी कुठल्याशा दवाखान्यात कंपौंडर होता, आता कातडी बॅग घेऊन गावोगाव सुया द्यायचा आणि लोक त्याला डाक्तर म्हणायचे. तो आला, काचेची पिचकारी आमच्याच चुलीवर पातेल्यात उकळली, आणि मधल्या खोलीच्या दाराशी पाटावर बसला. दाराला आत्यानं लुगड्याचा पडदा लावलेला. पडद्याच्या आतून अक्कानं दंड बाहेर काढला. त्यानं दंडाला सुई दिली. दंड आत गेला. झाली तपासणी! कुठं दुखतं हे त्यानं विचारलं नाही, विचारणं बरं दिसलं नसतं. आत्यानं सांगितलं, "बाळंतिणीचा ताप हाय." तो म्हणाला, "पेन्सिलीन दिलंय. लई जबर औषद हाय." मग आईनं दिलेला चहा पिऊन तो सायकलवर निघून गेला.

पहिल्या दोन सुयांनी ताप थोडा खाली आला. आत्यानं गूळ वाटला. तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला, त्याहून जास्त. सुई चालूच. रोज सकाळी पातेलं, पडदा, दंड. उजवा झाला की डावा, डावा झाला की उजवा. सहाव्या दिवशी अक्काचे दोन्ही दंड सुजलेले, डोळे खोल गेलेले, आणि पोटिसाखालची गाठ लहान पेरूएवढी होती ती आता माझ्या मुठीत मावेना. बाळ डाव्या अंगावर कसंबसं पीत होतं, मग तापानं तिकडचंही कमी झालं. भुकेनं ते असं रडायचं की शेजारपाजारच्या बायका ओट्यावर येऊन बसत आणि हळहळून उठून जात. आई भुरीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या वातीनं त्याच्या तोंडात थेंब थेंब सोडी. शाळेतून आल्यावर बाळाचा वास घेणं मी सोडून दिलं होतं. त्याला आता नुसता आंबूस वास येत होता.

त्या संध्याकाळी मी पोटीस बदलताना अक्काजवळ होते. गाठीवर बोट टेकलं तर आत काहीतरी हललं. भुरीच्या कासेत हललं होतं तसंच. मी तिथंच उठले आणि चुलीपुढं आले. आण्णा जेवत होते, आत्या वाढत होती. मी म्हणाले, "आण्णा, अक्काच्या अंगात पू झालाय. तो काढल्याबिगर सुई काम करायची न्हाई. भुरीचं असंच झालं हुतं."

आण्णांचा घास हातातच राहिला. आत्यानं भाकरी टोपल्यात टाकली, वळली आणि माझ्या मुस्काटात मारली. "म्हशीचं औषद माझ्या लेकीला? बापाफुडं काय बोलावं ह्याची लाज हाय का तुला? शाळंत ह्येच शिकवत्यात व्हय?"

मी गाल धरला नाही. हे मला आजही आवडतं, की मी गाल धरला नाही. म्हणाले, "शाळंत न्हाई शिकवलं. ढोरडाक्तरनी शिकवलं. आन तुमच्या डाक्तरनी तर काय झालंय ते बघितलं बी न्हाई."

आण्णा ताटावरून उठले. माझ्यावर ओरडले नाहीत, आत्यालाही काही बोलले नाहीत. बाहेर गोठ्यात जाऊन उगाच वैरण सारखी करत बसले. पुरुषमाणसाला अशा वेळी गोठा फार कामाला येतो. मला त्यांचा तेव्हा फार राग आला. आता त्यांच्या त्या वयापेक्षा मी कितीतरी मोठी आहे आणि राग पुष्कळ ओसरला आहे, पण सगळा ओसरला म्हणाले तर खोटं होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपौंडर आला. आईनं चूल पेटवली, पातेलं ठेवलं. तो पाटाशी आला तर पाटावर मी बसले होते. पाठ दाराला, पाय उंबऱ्यावर.

"ऊठ ग," तो म्हणाला.

"सुई द्यायच्या आधी तुमी बघायचं."

"काय बघायचं?"

मी तो शब्द उच्चारला. आमच्या बोलीतला, शाळेतला नव्हे. ओट्यावर आण्णा होते, शेजारचे दोघे होते, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला. कंपौंडरनं मान खाली घातली. मी पुढं म्हणाले, "उजव्या बाजूला पू भरलाय. सहा सुया झाल्या. दंड बघून तुमाला काय कळतंय?"

"डोस वाढवू की," तो पुटपुटला. "डबल देतो आज."

"डबल देऊन काय हुतंय? आत उरूस भरलाय. एकाचं दोन शिपाई झालं तर काय फरक पडनार हाय?"

त्याला यातलं काही कळलं नसणार. त्याला वाटलं पोरगी खुळी झाली. आत्या धावून आली, माझी वेणी धरली आणि ओढायला लागली. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. वेणी ओढली जात होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मी ओरडत होते की सुई द्यायला नको, कापायला माणूस आणा. आणि तेवढ्यात पाठीमागचा पडदा सरकला. अक्का उठून आली होती. सात दिवसांत तिला उभं राहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ती भिंतीला धरून उभी राहिली आणि आण्णांकडे सरळ बघून म्हणाली, "आण्णा, मला नगरला नेता का हितंच मारता? येवडंच सांगा."

आत्याच्या हातातली वेणी सुटली. मग माझी आई, जी त्या घरात वीस वर्षं आत्याच्या मागून चालत आली होती, जिचा आवाज मला जात्यावरच्या ओव्यांशिवाय फारसा आठवत नाही, ती चुलीपासून उठली. तिनं उकळतं पातेलं कंपौंडरच्या पिचकारीसकट खाली उतरवलं, फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली, बाळाला दुपट्यात गुंडाळलं, आणि आण्णांना म्हणाली, "गाडी जुपा." एवढंच. आण्णांनी बैल सोडले आणि गाडी जुंपली. आत्या ओट्यावर बसून राहिली, तोंडाला पदर लावून. गाडी हलली तेव्हा ती ओरडली, "कापल्यालं थान पुन्ना भरत न्हाई, ध्यानात ठिवा!" अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. मरायची भीती तिला वाटत होतीच, पण बाळाला पाजता येणार नाही या भीतीपुढं ती काहीच नव्हती.

शेवगावला एस.टी. मिळाली. तिसगावपर्यंत अक्का माझ्या खांद्यावर मान टाकून होती, पुढं तिला भान नव्हतं. बस आदळली की ती नुसती कण्हायची, आणि मी ड्रायव्हरला शिव्या देत होते, मनात नव्हे, तोंडानं. नगरला बायकांच्या दवाखान्यात आम्हाला पांढरं पातळ नेसलेल्या एक उंच डॉक्टरीणबाई भेटल्या. पडदा त्यांच्याकडेही होता, पण त्या पडद्याच्या आत आल्या. गाठीवर दोन बोटं ठेवली, चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "किती दिवस झाले? आणि पू काढायचा म्हणून इथं आणा असं कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, "ढोरांच्या डाक्तरनी."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग त्यांना माझा नमस्कार सांग. बरोबर सांगितलंय."

त्यांनी मला आत उभं राहू दिलं. मी भांडूनच राहिले असं म्हणायला हवं. चीर बोटाच्या पेराएवढीच होती. पण जे बाहेर आलं त्यानं तामचिनीचं अख्खं भांडं भरलं, आणि ते बघताना मला भुरीचा गोठा आठवत होता आणि माझी बोटं आपोआप हलत होती. मग त्यांनी नर्सला सुई सांगितली. मी नाव ऐकलं आणि दचकले. पेनिसिलिन. तेच. मी म्हणाले, हेच तर सहा दिवस दिलं, तेव्हा का नाही लागू पडलं? हात धुता धुता त्या बोलल्या, आणि ते बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं आहे असा दावा मी करणार नाही, पण सार असं होतं. हे औषध वाढणाऱ्या जंतूला मारतं. पुवाच्या पिशवीत जंतूंची इतकी दाटी असते की त्यांना खायला पुरत नाही, ते वाढतच नाहीत, नुसते बसून राहतात, आणि बसून राहिलेल्याला हे औषध काही करत नाही. त्यातले काही तर औषध मोडून टाकणारा रस सोडतात. थोडे असले तर मोडून मोडून किती मोडणार? पण एवढे जमले की कितीही औषध घाला, ते आधीच मोडलेलं असतं. शिवाय पुवाच्या मधोमध रक्त पोचत नाही, तर रक्तातलं औषध तरी कसं पोचणार? "तुझ्या ढोरडॉक्टरनी सांगितलं तेच," त्या म्हणाल्या. "आधी गर्दी मोडायची."

पुढे मी हेच शिकले, आणि नगरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आयुष्य घालवलं. दर वर्षी नव्या पोरांना मी एक प्रयोग करायला लावायची. दोन काचेच्या नळ्या. दोन्हींत एकच जंतू, एकच औषध, तेवढंच. एका नळीत जंतू इतके थोडे की आतलं द्रव स्वच्छ दिसावं, दुसरीत इतके की ते पेजेसारखं गढूळ दिसावं. दुसऱ्या दिवशी पहिली नळी स्वच्छच असायची आणि दुसरी आणखी गढूळ. पोरं म्हणायची, मॅडम, औषध कमी पडलं. मी म्हणायची, मग दुप्पट घाला. दुप्पट घालूनही बहुतेक वेळा गढूळच. मग मी त्यांना पडद्यातून बाहेर आलेल्या दंडाची गोष्ट सांगायची. प्रयोगशाळेत एवढी वर्षं काढल्यावर एक प्रामाणिकपणाही अंगी येतो, म्हणून हेही सांगते: अक्काला बरं करण्यात निम्म्याहून जास्त वाटा त्या चिरेचाच असणार, सुईनं मागचं झाडून काढलं असेल. पण नगरच्या सावेडीत, मी आता राहते तिथं, आमच्या शेजारी कुणाला गळू झालं आणि तो औषधाची पाकिटं बदलत बसला की मी अजूनही जाऊन विचारते, कुणी बघितलंय का हो ते? की नुसता फोनवरच दंड दाखवलात?

तिसऱ्या दिवशी अक्काचा ताप गेला. आठवड्यानं आम्ही घरी आलो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की जखम भरेपर्यंत ती बाजू दर थोड्या वेळानं हातानं पिळून मोकळी करायची, अजिबात दाटू द्यायची नाही, मग बाळाला लावायचं. अक्का बाजेवर बसली आणि मी खाली वाटी धरली. आत्या दारात. नगरहून आल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. वाटी भरली तशी मी उठले. तेव्हा ती बोलली. "कुटं सांडतीस?"

"बाहेर."

"मुंगी लागंल, सुमे. पोरीनं येवडं सोसलंय. आता दूध तरी ऱ्हाऊ दे तिचं." ती रागावली नव्हती. हात जोडत होती.

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. वाटी चुलीतल्या राखेत ओतली असती तर सगळ्यांचं समाधान झालं असतं. पण त्या मुंगीच्या भीतीनं माझी बहीण मेली असती, आणि ती भीती घरात तशीच जपून ठेवायची तर ती पुन्हा कुणाच्या तरी बाजेशी येऊन बसली असती. मी अंगण ओलांडून कडुनिंबाखाली गेले. तिथं काळ्या मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. अक्का बाजेवरून दारातून बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती आधी आत्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, आणि तिनं मान हलवली, व्हय म्हणून. मी वाटी वारुळाच्या तोंडावर उपडी केली. मुंग्या आल्या. आत्या मटकन खाली बसली.

दिवसातून पाच-सहा वेळा, पंधरा दिवस, मी मुंग्यांना माझ्या बहिणीचं दूध पाजलं. आत्या रोज अक्काशेजारी बसून बाळ पिताना बघायची. गिळल्याचा आवाज येतो का ऐकायची. पहिल्या दिवशी आला, दहाव्या दिवशी आला. जखम भरली आणि बाळ उजव्या बाजूला लागलं तेव्हाही आला. तो भाचा चालायला लागला, पळायला लागला, तरी खेळातून धावत येऊन आईचा पदर ओढायचा. आता त्याचेही केस पांढरे झालेत आणि मी हे लोकांपुढं सांगितलं की तो लाजतो.

आपलं चुकलं असं आत्या मला कधी म्हणाली नाही. दोनेक वर्षांनी आमच्या आळीतल्या एका सुनेच्या अंगावर दूध दाटलं, ताप आला. तिची सासू पोटीस शिजवत होती. मी सुट्टीत घरी होते, उठायला निघाले, तर आत्या माझ्या आधी उठली. मी मागोमाग गेले. आत्या त्या पोरीजवळ बसली, आपल्या त्या मोठ्या हातांनी हळूहळू तिला मोकळी केली आणि वाटी भरली. सासू म्हणाली, "वन्सं, संबाळून, मुंगी लागंल."

"लागू दे," आत्या म्हणाली. "मुंगी प्याल्यावर काय हुतंय ते मला ठावं हाय. माझ्या भाचीनं पाजल्यात."

आणि ती वाटी घेऊन, सगळ्या बायकांच्या देखत, अंगणात मुंग्या शोधायला निघाली.